लिव्हअबोर्ड डायव्हिंग: बोटीवर राहून मँटा, शार्क बघायला जायचंय? (जाणाऱ्यांसाठी आणि जाऊ की नको करणाऱ्यांसाठी)

रेवती_खार

इथे स्कूबावर धागे पुष्कळ आहेत, पण बरेचसे "तारकर्लीला पाण्याखाली जाऊन आलो, फोटो छान आले" इथे संपतात. त्यात वावगं काही नाही, बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पण ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला, पुढचा अ‍ॅडव्हान्स्डही झाला, आता पुढे काय, असं विचारणारे निरोप अधूनमधून येतात. त्या सगळ्यांना एकदाच उत्तर म्हणून हा धागा.

लिव्हअबोर्ड म्हणजे बोटीवरच मुक्काम. खाणं, झोपणं, गप्पा सगळं तिथेच आणि दिवसातून तीनदा, रात्रीची धरली तर चारदा पाण्यात. रिसॉर्टवर राहिलात की तासाभराच्या टप्प्यातल्या त्याच त्या जागा मिळतात. इथे तुम्ही झोपलेले असताना बोट पुढे सरकते आणि उजाडायच्या आत तुम्ही जागेवर असता. मालदीवला मोठ्या बोटीच्या सोबत एक वेगळी धोणी (छोटी बोट) असते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, वास मारणारे ओले सूट हा सगळा संसार तिच्यावर. त्यामुळे झोपायच्या बोटीवर धडधड कमी.

मुंबईकरांना मालदीव सोपं पडतं. थेट विमान आहे, तीन तासांच्या आत माले, आणि भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर, फुकट. कधी जायचं हे मात्र तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून असतो, प्रवाह साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे. मग अटॉलच्या, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्याच्या, पूर्व कडेला मोकळ्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, तिथल्या खिंडींच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क. प्लँक्टन (पाण्यातले तरंगते सूक्ष्म जीव) साठतं पश्चिम कडेला, म्हणून ते खाणारा मँटा, म्हणजे पंखांसारखं अंग असलेलं मोठं पाकट, तिकडे. आपल्याकडे पाऊस लागला की गणित उलटं होतं. बा अटॉलमधल्या हानिफारूला साधारण जून ते नोव्हेंबर मँटा जमतात ते त्यामुळेच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला त्या नरसाळ्यासारख्या खाडीत प्लँक्टन अडकतं आणि मँटा रांग लावून खातात. पण तिथे २०१२ पासून स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. "हानिफारूला डाइव्ह करवतो" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून फोन ठेवा.

आम्ही फेब्रुवारीत गेलो, म्हणून अरी अटॉलच्या पश्चिम बाजूला मँटांचं क्लीनिंग स्टेशन मिळालं. क्लीनिंग स्टेशन म्हणजे मँटांचं न्हाव्याचं दुकान. प्रवाळाचा एक ठरावीक खडक, त्यावर बोटभर लांबीचे निळे-काळे रॅस मासे. मँटा येतो, खडकावर जवळजवळ थांबतो, कल्ले उघडे सोडतो आणि ते मासे आत शिरून किडे, मेलेली कातडी खातात. आमच्या गाइडने आधीच बजावलं होतं: खडकाच्या खालच्या अंगाला थांबायचं, कोणीही वर जायचं नाही, श्वास लांब सोडायचा. प्रवाह बऱ्यापैकी होता. मेलेल्या दगडात रीफ हुक अडकवून आम्ही पतंगासारखे तरंगत होतो. आधी नुसतं निळं. मग त्या निळ्यात एक जागा जरा जास्त काळी वाटायला लागली, ती पांढरी झाली आणि ते अख्खं पोट डोक्यावरून गेलं. चार मीटरच्या आसपास तरी असेल. पोटावर काळे ठिपके. प्रत्येक मँटाचे ठिपके वेगळे असतात, त्यावरूनच संशोधक त्यांना ओळखतात. तोंडापुढची ती दोन शिंगं त्याने गुंडाळलेली होती. खायचं नसलं की गुंडाळतो. माझा बुडबुडा त्याच्या पोटावर फुटला, तो जरासा शहारला, पण गेला नाही. फिरून परत आला.

मग आमच्यातल्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्याची काठी पुढे करून त्याच्याकडे पोहायला सुरुवात केली. मँटाने पंख एकदाच हलवला. संपलं. पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे त्या रॅस माशांकडे बघत बसलो. वर आल्यावर गाइड आवाज न चढवता म्हणाला, "पुढच्या डाइव्हला तुम्ही माझ्या शेजारी." त्या बोटीबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं.

दक्षिण अरीचा व्हेल शार्क मात्र वेगळं प्रकरण. तो तिथे वर्षभर असतो, बहुतेक वयात न आलेले नर. सकाळपासून खलाशी छतावर बसून पाण्यात सावली शोधतात. दिसला की चहूबाजूंनी धोण्या, आणि शंभर पायांचे फिन एकमेकांच्या तोंडावर. नियम आहे की अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं, आणि फ्लॅश नाही. तिथे कोण मोजतंय! जगातला सगळ्यात मोठा मासा बघितला, आनंद झाला, पण परत विचाराल तर मी मँटाला जाईन.

विचारा काय विचारायचं ते.

शाकाहारी_शार्क

भारी लिहिलंय. +१. माझे बाळबोध प्रश्न: १) आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, उपाशी मरू का? २) भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानाही बायकोला बोट लागते. ३) खर्च. ४) सामान किती? नावावर जाऊ नका, अजून खऱ्या शार्कशी भेट झालेली नाही.

सुकाबोंबील

आयडी आणि प्रश्न क्र. १ यांचा मेळ बसत नाहीये साहेब 😀

रेवती_खार

@शाकाहारी_शार्क, मरणार नाही. बुकिंग करतानाच सांगायचं, बोटीवर चढल्यावर नाही, कारण भाजीपाला मालेतच भरून निघतात, मधे मंडई लागत नाही. डाळ, भात, बटाटा, कोबी, पपई नक्की. सकाळी रोशी असते, ती आपली पोळीच, जरा जाड. खलाशी तिच्यासोबत मास हुनी खातात: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने कुस्करलेलं. मी त्यावर आठवडा काढला असता. तुम्ही त्यांना टूना वगळून खोबरं-कांदा-मिरची कालवून द्यायला सांगा, आनंदाने देतात. ठेपले, लसणाची चटणी न्या. दारूची बाटली नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. बोटीवर विकत मिळते.

बोट लागण्याबद्दल: अटॉलच्या आतलं पाणी बऱ्यापैकी शांत असतं, एका अटॉलहून दुसऱ्याला जाताना हलतं. खोली बोटीच्या मधल्या भागातली, शक्यतो खालची मागा. (खालच्या खोलीबद्दल कोणी वेगळं सांगणार असेल तर ऐकायला आवडेल.) गोळीचं डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी पेंग येते आणि पेंगत डाइव्ह करणं म्हणजे आफत. घरी एका रविवारी घेऊन बघा काय होतं ते.

खर्च: साध्या-बऱ्या बोटीचे आठवड्याला माणशी बाराशे ते दोन हजार डॉलर धरून चाला, विमान वेगळं. वर नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली सिलिंडरमधली हवा), भाड्याचं सामान, खलाशांची बक्षिशी. आणि ग्रीन टॅक्स, जो जानेवारी २०२५ पासून बोटींसाठी माणशी दिवसाला ६ चा १२ डॉलर झालाय. जाहिरातीतल्या आकड्यात हे बहुधा नसतं.

सामान: तुमचा स्वतःचा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं घड्याळ) आणि एसएमबी (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगा) एवढं हवंच. बाकी भाड्याने. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या, नाहीतर मँटा धुरकट दिसेल.

ठाणे_स्लो

लेखन छान, पण एक कळत नाही. दीड-दोन लाख घालून, विमानाचं इंधन जाळून, त्या प्राण्यांच्या घरात घुसायचं आणि वर "निसर्गप्रेम" म्हणायचं? बऱ्याच ठिकाणी शार्कला मासे टाकून बोलावतात असं वाचलंय. मग राणीबाग काय वाईट?

कर्जत_लोकल

@ठाणे_स्लो, सगळीकडे टाकत नाहीत. मी इजिप्तला लाल समुद्रात बोटीवर राहून आलोय, तिथे एल्फिन्स्टन नावाचा रीफ आहे. (हो, मलाही आधी परळचा पूलच आठवला. आपलं स्टेशन २०१८ ला प्रभादेवी झालं, त्यांचा रीफ अजून एल्फिन्स्टनच.) शरदात तिथे ओशॅनिक व्हाइटटिप येतात, पृष्ठभागाजवळच. हा शार्क निवांत जवळ येऊन तुम्हाला तपासून जातो. गाइड सांगतात: एकत्र राहा, नजर त्याच्यावर, पाठ दाखवू नका, पाण्यावर फडफडत थांबू नका. बोटीवरून उष्टं-खरकटं पाण्यात टाकायला सक्त मनाई, कारण एकदा बोटीचा आणि खाण्याचा संबंध त्याच्या डोक्यात बसला की पुढच्या बोटीच्या माणसांना त्रास.

बाकी प्राणी नकोच असतील तर थिसलगॉर्म करा. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. आत अजून ट्रक, मोटरसायकली, रबरी बूट. तळ ३० मीटरच्या आसपास. शार्कपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

रेवती_खार

@ठाणे_स्लो, प्रश्न रास्त आहे, राणीबागेची उपमा नाही. आमिषाचे दोन प्रकार मी बघितले. वावू अटॉलमध्ये आलिमठा बेटाच्या धक्क्याजवळ रात्रीची डाइव्ह करतात, नर्स शार्क अक्षरशः मांडीवरून जातात. ते धक्क्यावरच्या माशांच्या उष्ट्याला चटावलेत, आणि काही गाइड अजूनही तुकडे नेतात. शार्क निरुपद्रवी, गंमत येते, पण मला तिथे ओशाळल्यासारखं झालं. टॉर्चच्या उजेडात पन्नास माणसं गुडघ्यावर बसलेली आणि मधे तो गोंधळ. दक्षिणेला फुवामुलाला वाघशार्क येतात, तेही बंदरातल्या माशांच्या टाकाऊ भागांमुळे आणि आता टुरिस्टांसाठी टाकलेल्या टूनाच्या डोक्यांमुळे. तिथे मी गेले नाही आणि जाणारही नाही. हे माझं मत.

पण दुसरी बाजूही आहे. मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी आणली, ती काही भूतदयेने नव्हे. जिवंत शार्क बघायला येणारा माणूस वर्षानुवर्षं पैसे देतो, हे त्यांना हिशोबाने पटलं.

वेसावकर

मी कोळी, वेसाव्याचा. डायव्हिंग करत नाही, घरातले पाण्यात जातात ते पोटासाठी. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे मुशी (छोटा शार्क) मसाल्यात होते, बाळंतिणीला देतात. तुम्ही "ग्रे रीफ" म्हणता त्यातलंच भावंड कुठलं तरी. ससून डॉकला पहाटे गेलात तर शार्क, पाकट, वाघळी सगळं फरशीवर मांडलेलं दिसेल. मुद्दाम शार्क धरायला हल्ली फारसं कोणी जात नाही, जाळ्यात दुसऱ्या माशांबरोबर येतात. शार्क बघायला येणाऱ्यांच्या पैशावर मालदीवची बंदी चालते, चांगलं आहे. त्यांच्याकडे टूना काठीने एकेक धरतात, जाळ्यात बाकीचं येतच नाही. आमचं डोलीचं जाळं भरतीओहोटीला जे येईल ते घेतं. दोघांना एका मापाने मोजू नका एवढंच.

आणि एक गोष्ट शहरातल्या लोकांना ठाऊक नसते. व्हेल शार्क २००१ पासून वाघाच्याच यादीत आहे, शेड्यूल एक. जाळ्यात आला तर सोडायचा. सोडायचा म्हणजे जाळं कापायचं, आणि जाळं म्हणजे कर्ज. गुजरातेत वेरावळच्या बाजूला भरपाई देऊन हे आधी सुरू झालं, मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की ही माहेरी आलेली लेक आहे. आपल्याकडे २०१८ च्या शेवटाला सरकारने योजना काढली, संरक्षित प्राणी सोडला आणि जाळं फाटलं तर पंचवीस हजारांपर्यंत मिळतात. मोबाइलवर फोटो काढून द्यावा लागतो. माझ्या चुलतभावाने कासव सोडलंय. पैसे यायला वेळ लागला पण आले. तुम्ही पैसे देऊन जो बघता तो तिथवर पोचतो कारण वाटेत कोणीतरी जाळं कापलेलं असतं.

सुकाबोंबील

वेसावकर, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना.

ठाणे_स्लो

वेसावकरांचा मुद्दा पटला. विमानाच्या इंधनाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, पण असो.

जुना_खलाशी

रेवतीताईंनी खालच्या खोलीबद्दल विचारलंय, म्हणून लिहितो. माझी नोकरी बॉम्बे हायला माल नेणाऱ्या बोटींवर गेली. गाळात, शून्य दृष्टीत काम करणारे डायव्हर जवळून पाहिलेत. तुमच्या डायव्हिंगमधलं मला कळत नाही, बोटीतलं कळतं.

खालची खोली हलत कमी, हे खरं. पण आधी बघा की तिथून बाहेर पडायला वाटा किती आहेत आणि त्या निघतात कुठे. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ (आपलं सांताक्रूझ नव्हे) 'कन्सेप्शन' नावाची डाइव्ह बोट पहाटे जळाली. ३४ माणसं गेली. सगळी खालच्या डेकवर झोपलेली. वाटा दोन होत्या, कागदावर सगळं ठीक, पण दोन्ही वर एकाच दिवाणखान्यात निघत होत्या आणि आग तिथेच होती. आग नेमकी कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. ठरलं ते एवढंच की रात्री फिरता पहारा नव्हता. कॅप्टनला २०२३ मध्ये दोषी धरलं, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली. इजिप्तला नोव्हेंबर २०२४ मध्ये 'सी स्टोरी' उलटून बुडाली, त्यातल्या काही जणांना दुसऱ्या दिवशी आतल्या खोल्यांमधून जिवंत काढलं. म्हणजे बाकीच्यांचं काय झालं ते समजून घ्या.

मी असतो तर बुकिंगआधी एकच ईमेल पाठवला असता: रात्री बोट नांगरावर असताना जागं कोण असतं, आणि तो फिरतो की खुर्चीत बसतो? याचं सरळ उत्तर आलं तर बाकीच्या गोष्टीही बहुधा जागेवर असतात. चढल्यावर पहिल्या संध्याकाळी लाइफजॅकेट घालून सगळ्यांना जमवतात का, ते बघा. नाही जमवलं तर तुम्ही मागणी करा, लाजू नका. मग दिवे बंद करून आपल्या खोलीतून हाताने चाचपत वर एकदा जाऊन या. आमच्याकडे हे नवीन पोरांकडून डोळ्याला पट्टी बांधून करून घ्यायचे. हसायची पोरं. आणीबाणीची झडप असेल तर ती उघडून बघा, बऱ्याचदा तिच्यावर कोणाची तरी बॅग असते.

कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या झोपताना खोलीत चार्जिंगला लावू नका. दिवसा, माणसांच्या नजरेसमोर लावा. आणि पासपोर्ट, फोन, एक टॉर्च छोट्या पिशवीत उशाशी.

घाबरवायचं नाहीये. मी आयुष्यभर बोटीवर झोपलो, झोप छान लागते.

रेवती_खार

खलाशीकाका, दंडवत. आमच्या बोटीवर बॅटऱ्या वरच्या डेकवर एका टेबलावर लावायच्या आणि रात्री दहानंतर सगळे प्लग काढायचे असा नियम होता. लोक कुरकुरायचे.

मालवणी_खाजा

खंय मालदीवाक जातास, आमच्याकडे येवा की! बरं, मराठीत लिहितो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मोसम ऑक्टोबर ते मे, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी त्यातल्या त्यात नितळ. मालदीवचं वीस-तीस मीटर दिसणं विसरा, पण शिकायला हे पाणी उत्तम. कमी दिसत असताना ज्याला जोडीदाराजवळ राहता येतं, त्याला पुढे कुठेही जमतं.

खरी गोष्ट वेगळीच सांगायची होती. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पाण्याखालचं पठार, माथा वीसेक मीटर खोल, त्यावर प्रवाळ. जमीन दिसतच नाही, त्यामुळे तिथे राहायचं तर बोटीवरच. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम जाऊन आली. आपल्या किनाऱ्यावर लिव्हअबोर्डला लायक जागा असेल तर ही. सहली निघाव्यात की नाही यावर माझं मन अजून होत नाही. किल्ल्याजवळच्या प्रवाळांवर एकाच जागी बोटी नांगर टाकून टाकून काय झालंय ते मी रोज बघतो. आधी बोटी बांधायला कायमच्या तरंगत्या बोया लावा, नांगर बंद करा, मग माणसं न्या.

अनामिका२४

एक प्रश्न, वैयक्तिक आहे पण विचारतेच. पाळीच्या दिवसांत डाइव्ह केली तर शार्क येतात का? आईने विचारलंय, मलाही उत्तर माहीत नाही.

डॉक्टर_दादरकर

नाही. तसा कुठलाही पुरावा नाही, स्त्रिया महिन्याच्या सगळ्या दिवसांत डायव्हिंग करतात. पोटात दुखत असेल, थकवा असेल तर ती डाइव्ह सोडा, कारण तेवढंच. आईंना सांगा, काळजी करायचीच तर कानाची करा.

आता आलोच आहे तर दोन-तीन गोष्टी. सर्दी असताना उतरू नका. नाक मोकळं करायचं औषध घेऊन उतरणारे असतात, त्याचा असर खाली असताना संपला की वर येताना हवा अडकते. कान दुखायच्या आधी त्यातला दाब समतोल करा, दुखल्यावर नव्हे. दम्याचा, रक्तदाबाचा इतिहास असेल तर वैद्यकीय फॉर्मवर खोटं "नाही" लिहू नका. तो फॉर्म बोटवाल्यासाठी नसतो.

नायट्रॉक्स: लिव्हअबोर्डवर घ्याच. साध्या हवेत नायट्रोजन ७९ टक्के, ३२ च्या (३२ टक्के ऑक्सिजनच्या) नायट्रॉक्समध्ये ६८. दिवसाला चार डाइव्हचा हिशोब केला की फरक जाणवतो. प्रशिक्षणाच्या तक्त्यांत ३० मीटरला हवेवर २० मिनिटं राहता येतं, ३२ वर ३०. पण याने जास्त खोल जाता येतं हा समज काढून टाका. उलट आहे: ऑक्सिजन जास्त म्हणून ३३ मीटरच्या आसपास थांबायलाच हवं. सिलिंडरमधलं प्रमाण स्वतः मीटरवर मोजून सही करायची, दुसऱ्याने मोजलेलं चालत नाही.

सलग दिवस डायव्हिंग केल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबा, कारण अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. बोटी म्हणूनच शेवटच्या दिवशी पाण्यात उतरवत नाहीत, माले फिरवतात. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: मालवणला दोन-तीन खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटाने गाडी काढू नका. सहाशे-सातशे मीटर चढता तुम्ही. मुक्काम करा, सकाळी निघा. सात-आठ मीटरची हौशी डाइव्ह केलेल्यांना याची चिंता नको.

मालवणी_खाजा

डॉक्टर, हे घाटाचं आमच्या इथल्या प्रत्येक दुकानात लावायला हवं. माणसं चारला पाण्यातून बाहेर आणि पाचला कोल्हापूरच्या वाटेवर.

कर्जत_लोकल

एक भर. पहिलीच लिव्हअबोर्ड असेल तर मालदीवच्या खिंडींना घाई करू नका. प्रवाह आत वाहतो तेव्हाच तिथे उतरवतात, बाहेर वाहत असेल तर तो तुम्हाला मोकळ्या समुद्रात घेऊन जातो. उतरताना डायव्हिंगच्या जॅकेटमध्ये हवा न ठेवता थेट खाली जावं लागतं, पाण्यावर रेंगाळलात की खिंडीचं तोंड मागे पडतं. एसएमबी खालून सोडायचा सराव आधी तलावात करा. थायलंडला सिमिलानच्या सहली सोप्या आहेत, पण उद्यान पावसाळ्यात बंद असतं, साधारण ऑक्टोबर मध्य ते मे मध्य एवढंच उघडं. आणि अंदमानात किनाऱ्यावर राहून केलेल्या डाइव्ह हीसुद्धा उत्तम पूर्वतयारी.

रेवती_खार

+१. आणि प्रवाळांबद्दल फार अपेक्षा घेऊन जाऊ नका. १९९८, २०१६ आणि २०२४ च्या उष्णतेने मालदीवचे उथळ प्रवाळ बरेच पांढरे पडून गेलेत. काही ठिकाणी नुसता चुरा आहे, त्यावरून मासे मात्र भरपूर. रंगीत बगिचा मनात धरून गेलेली माणसं पहिल्या दिवशी हिरमुसतात.

@ठाणे_स्लो, इंधनाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही जिंकलात.

ठाणे_स्लो

जिंकून काय करू, बायकोने वरचा मँटाचा परिच्छेद वाचला आणि आता विचारतेय पोहायला कुठे शिकायचं. शिवाजी पार्कचा तलाव चालू आहे का हो?

शाकाहारी_शार्क

अपडेट. खलाशीकाकांचा प्रश्न दोन बोटवाल्यांना इंग्रजीत पाठवला: रात्री जागं कोण असतं, तो फिरतो का. एकाने तीन ओळींत उत्तर दिलं. दोन माणसं, रात्री दोनला पाळी बदलते, दर तासाला इंजिन रूमसकट फेरी मारून वहीत सही. वहीच्या पानाचा फोटो जोडला. दुसऱ्याने जकुझीचे फोटो पाठवले आणि लवकर बुकिंग केल्यास सूट कळवली.

जुना_खलाशी

जकुझी सोडा. पहिल्याला आता विचारा की सिलिंडर भरायच्या कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड इंजिनच्या धुराड्यापासून किती लांब आहे आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला. धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये भरतो, त्याला वास नसतो.